टॅग ज्याचा, काढायचा त्यानेच

४ जानेवारी, रविवार. वडसा.
विमानाच्या इंजिनातल्या दुसऱ्या रोटरच्या पट्ट्याही गेल्या. खात्री दादाने केली. नख फिरवलं, चष्मा कपाळावर चढवला, म्हणाला, "हेही कामातून गेलं." म्हणजे इंजिन पूर्ण उघडायचं, आणि तेही घरापासून दूर, परक्या गोडाऊनमध्ये.
आठ दिवसांपूर्वी हवेत इंजिन तापलं. दादा एकटाच होता. नवा बायपास अजून वाहतुकीला उघडलेला नाही, त्यावर उतरला. विमानाला खरचटलंही नाही. पंख काढून ट्रॅक्टरने मनोहरभाऊच्या गोडाऊनला आणलं. मनोहरभाऊ नाटक कंपनीचे मालक. सीझन सुरू, कंपनी गावोगाव. उरलेले पडदे भिंतीला. राजवाड्याच्या पडद्याखाली दादाने अकरा वर्षं खपून स्वतः बांधलेलं विमान.
मी काल नागपूरहून आलो. चंद्रपूरहून वहिनीचा फोन होता: "तुम्ही जा भाऊजी. त्यांच्याजवळ कोणी पाह्यजे." कशासाठी ते बोलली नाही.

६ जाने., मंगळवार
सकाळी म.भाऊ आरमोरीकडचा प्रयोग आटपून आले. कानामागे रंग तसाच. विमानाच्या पंख्याला हात घालणार तोच दादा ओरडला. पंख्याला त्याने लाल टॅग बांधलाय: काम सुरू, फिरवू नये, खाली नाव आणि तारीख. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात टर्बाइनवर तीस वर्षं काढली. सवय गेली नाही, टॅगचा गठ्ठाही सोबत आणलाय.
म.भाऊ: "एवढुशा कागदाले मी भिऊ काय?"
दादा: "टॅग ज्याचा, काढायचा त्यानेच. चीफ इंजिनिअर आला तरी हात नाई लावत."
मग रामटेकेची गोष्ट. रामटेके दादाचा जोडीदार. टॅग बांधून भाचीच्या लग्नाला गेला, विसरला. अख्खी शिफ्ट थांबली. जीप पाठवून वऱ्हाडातून आणला. त्याने अक्षता लागलेल्या हाताने टॅग सोडला, तेव्हा मशीन फिरली.
म.भाऊ हसले. "इमान दुरुस्त झालं का आमच्या नाटकाले द्या. हिरोईन पळवून न्यायच्या कामी येईन."

७ जाने., बुधवार
पार्सल आलं. नव्या पट्ट्या सहा, स्प्रिंगा बारा.
या इंजिनात पिस्टन नाही. दोन तिकोनी रोटर, आपापल्या घरात गरगर फिरतात. प्रत्येक टोकाला पट्टी, पट्टीखाली दोन स्प्रिंगा. स्प्रिंग पट्टीला भिंतीशी दाबून धरते. ती नसेल तरी इंजिन सुरू होईल, पण पट्टी खडखडत राहील आणि कधीतरी तुटेल. कधी, ते सांगता येत नाही.
दादा प्रत्येक काम वहीत लिहितो, झालं की बरोबरची खूण करतो. लहानसहान भाग व्हॅसलीन लावून जागी बसवतो.
संध्याकाळी रामटेकेची गोष्ट पुन्हा सांगितली. तेच शब्द, तिथेच हसू. पहिल्यांदाच ऐकतोय असा मीही हसलो.

९ जाने., शुक्रवार
बायपासवरून उडून जायच्या परवानगीचा कागद मिळाला. बायपास आपल्याला १४ ता.ला सकाळी आठ ते नऊ. त्यानंतर रस्ता वाहतुकीला उघडणार.
मी म्हणालो, ट्रकवर टाकून नेऊ. घाई काय आहे?
दादाने पाना खाली ठेवला. "ट्रकवर चढलं का मंग ते भंगारच. फेब्रुवारीत लायसनसाठी माही डॉक्टरची तपासणी हाय. तो विचारन, आज वार कोणता. मांगच्या हप्त्यात कुठी होते. मले नाई सांगता येनार. मले माहीत हाय ना बाबू."
त्याने मला बाबू म्हटलं, चाळीसेक वर्षांनी. मी रॉकेलचा डबा उगाच इकडचा तिकडे केला.

१० जाने., शनिवार
इंजिन जोडून झालं. वहीत सगळ्या खुणा.
भांडी-चिंध्या आवरताना व्हॅसलीनच्या डबीत बोट घातलं. स्प्रिंग. जुनी असेल म्हणून जुन्यांची बाटली ओतली. बारा. पुन्हा मोजल्या. बारा.
म्हणजे ही नवी. वहीत तिच्यापुढे खूण आहे, आणि ती माझ्या हातात आहे.

११ जाने., रविवार
पेपरच्या डेस्कवर एकतीस वर्षं एक नियम पाळला: एकाने सांगितलं ती अफवा, दोघांनी सांगितलं ती बातमी. म्हणून आज दादाला म्हणालो, टॅग सोड, जरा फिरवून पाहू. त्याने सोडला, हाताने पंखा फिरवला. पट्ट्या हवा दाबतात, त्याचा श्वासासारखा आवाज येतो: पहिल्या रोटरचे तीन श्वास सारखे. दुसऱ्याचा एक तसाच, दोन फुसके.
दादा: "सारखेच तं हाय."
मी स्प्रिंग पुढे केली.
"जुनी असन."
"जुन्या बारा बाटलीत आहेत दादा."
"पेपरात लोकायच्या चुका काढे, आता माह्या काढून राह्यला." टॅग परत बांधला. जेवला नाही.

१२ जाने., सोमवार
सकाळी मी उठायच्या आत इंजिन उघडायला लागला होता. दुपारी दुसरा रोटर टेबलावर. एक जागा रिकामी.
त्या खाचेतून नख फिरवलं. मग स्प्रिंग बसवली. वहीत जुन्या खुणेवर दुसरी खूण, कागद फाटेस्तोवर.
"आता तू बी पाह्य," म्हणाला. पाहिलं. पण मला त्यातलं काय कळतं? या इंजिनातला जाणकार इथे एकच आहे, आणि खात्री करायची आहे ती त्याचीच.
रात्रीपर्यंत इंजिन पुन्हा जोडलं. मी सगळं मोजलं. काही उरलं नाही. घट्ट किती केलं, ते मोजता येत नाही.

१३ जाने., मंगळवार
पंख जोडले. विमान अंगणात. दादाने आपला टॅग सोडला, घडी करून खिशात ठेवला, इंजिन सुरू केलं. पहिल्या झटक्यात. आवाज एकसंध. अर्धा तास चालवलं. म.भाऊ टाळ्या वाजवत होते. दादाचा असा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.
मग चहा. कप हातात, विमानाकडे बघत मला विचारतो, "रामटेके, आपण इथी आलो कवा?"
रामटेके जाऊन नऊ वर्षं झाली. दादाच खांदा द्यायला होता.
मी म्हणालो, "पंधरा दिवस झाले." तो म्हणाला, "हो का," आणि चहा प्यायला.
वहिनीला फोन. सांगितलं. ती म्हणाली, "दोन वर्षापासून मले ठाऊक हाय. म्हनून तं तुमाले पाठवलं."
"तुम्ही उडायला नाही म्हणा त्याला."
"मी त्यायले अकरा वर्षं हे इमान बनवताना पाह्यलं भाऊजी. माह्या तोंडून नाई निंघत."
म.भाऊंना बाजूला घेऊन विचारलं, उडू द्यावं का. ते कानामागचा रंग खाजवत म्हणाले, "आमच्याकडं म्हातारा नट वाक्य विसरला तं विंगेतून सांगतो आम्ही. वर आभाळात कोन सांगन?"
दादा आंघोळीला गेला तेव्हा गठ्ठ्यातला कोरा टॅग घेतला. काम सुरू, फिरवू नये. खाली माझं नाव, आजची तारीख. पंख्याला बांधला. दोन गाठी मारल्या, तो मारायचा तशा.
उद्या सहाला तो उठेल, दाढी करेल, अंगणात येईल. नाव वाचेल. टॅगला हात लावणार नाही. तीस वर्षांत दुसऱ्याच्या टॅगला त्याने हात लावलेला नाही, आणि हे तो विसरला असेल असं मला वाटत नाही. माझ्याकडे येईल, आणि काढ म्हणेल. आठ ते नऊ रस्ता आपला आहे; तो तासभर मला नाही म्हणत राहायचंय.