चार बर्नरचा निर्णय

२३ जानेवारी
निर्णय झाला. नवीन शेगडी घ्यायची, आणि शेगडीच्या निमित्ताने सगळं स्वयंपाकघरच नवं करायचं. एकवीस दिवसांत काम पूर्ण.
जुन्या शेगडीच्या दोनपैकी एक बर्नर सहा वर्षं बंद आहे. नेत्राने सहा वर्षांत बऱ्याचदा सांगितलं, हे मान्य. पण मी स्वस्थ बसलो नव्हतो. सतरा शेगड्यांचा तुलनात्मक तक्ता केला आहे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने दुकानदाराच्या शब्दावर शेगडी उचलून आणणं बरं दिसत नाही.
नेत्रा अळणावरला आईकडे आहे. शेजारच्या संगीताक्कांनी चौकशी केली. सांगितलं, घरात तोडफोड चालू आहे, तिला धूळ सोसत नाही.

२४ जानेवारी, सकाळी
कालचं पुन्हा वाचलं. नेत्रा १२ तारखेला गेली. तोडफोड अजून सुरू व्हायची आहे. म्हणजे संगीताक्कांना सांगितलं ते खोटं नाही, फक्त क्रम उलटा आहे. तोडफोड सुरू झाली की खरं होईल. म्हणून घाई केली पाहिजे.
जाताना ती म्हणाली होती, काही दिवस तिकडे राहते. किती दिवस, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला वाटलं असतं, मी घाई करतोय.

२९ जानेवारी
विठ्ठल मेस्त्रीने कट्टा फोडला. सगळ्या घरात धूळ. बरं वाटलं.

१ फेब्रुवारी
कोप्पीकर रोडवर शेगड्यांच्या दुकानात दोन तास. सेल्समन प्रभंजन, हुशार मुलगा. तक्ता दाखवला. तो म्हणाला, सर, यातल्या नऊ कंपनीने बंद केल्या. मग विचारलं, मॅडमना नाही आणलं? म्हटलं, सरप्राइज आहे. म्हणाला, सरप्राइज साडीत द्या सर, शेगडीत नको.
चार बर्नरचा हॉब घेतला. काचेचा, ग्रॅनाइटमध्ये बसणारा. तक्त्यात नव्हता.
संध्याकाळी फोन केला. नेत्राने विचारलं, चार कशाला? म्हटलं, पुढचा विचार करून. फोन कट झाला. रेंज नसावी.

५ फेब्रुवारी
कट्ट्याची उंची ठरली. विठ्ठल टेप वापरत नाही. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला भिंतीशी उभं करायचं, कोपर वाकवायला लावायचं, कोपराखाली चार बोटं सोडून पेन्सिलची रेघ. तीस वर्षं असंच करतो, कुणाची पाठ दुखल्याची तक्रार नाही, म्हणाला. त्याने विचारलं, अडिगी यार् माडतार्री? स्वयंपाक कोण करतं? म्हटलं, मॅडम गावाला आहेत. तो म्हणाला, मग बोलवा, दोन दिवस थांबतो.
दोन दिवस त्याचा रोज बुडवणं न्यायाचं वाटेना. मीच उभा राहिलो, घराचा प्रतिनिधी म्हणून. त्याने माझ्याकडे खालून वर पाहिलं. विचारलं, तुम्ही करणार? म्हटलं, हो, मार रेघ.
ही थाप झाली का? झाली. उपाय: दर रविवारी मी स्वयंपाक करायचा. मग ती थाप राहत नाही.

११ फेब्रुवारी
विठ्ठलला आज चहा द्यायचा राहिला. दिवसभर टोचणी. उद्या दोनदा.

२० फेब्रुवारी
कट्टा फोडल्यापासूनचे एकवीस दिवस काल संपले. ग्रॅनाइट आज आलं. नुसता आकडा न देता 'एकवीस ते चाळीस' असं लिहायला हवं होतं. चूक पद्धतीची आहे, इच्छाशक्तीची नाही.
नेत्राचा फोन. तिथल्या शाळेत पाचवीला शिकवते आहे. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, त्यांच्या जागी. आवाज मोकळा वाटला. तिकडे धूळ नाही, त्याचा परिणाम.

३ मार्च
हॉब बसला. चार निळी फुलं पेटतात, असं बसवणारा म्हणाला. मी पेटवू दिली नाहीत.
कारण संगीताक्का आल्या होत्या. नव्या शेगडीवर पहिल्यांदा दूध उतू घालवायचं, घरच्या बाईच्या हातून. मग बाकी काय ते. मला ठाऊक होतं, पण त्यांनी मला ठाऊक नसल्यासारखं सांगितलं. म्हणाल्या, नेत्रा नसेल तर मी घालवते, शेगडी अशी थंड ठेवू नये. म्हटलं, ज्या घरची शेगडी त्या घरच्या बाईनेच घालवावं. त्या म्हणाल्या, मग बोलवा की हो तिला, तुमच्या तोंडाला कुणी कुलूप लावलंय?
बोलावणारच आहे. तोवर केशवापूरची खानावळ चालू. तिथे आता मला विचारत नाहीत, ताट आपोआप येतं.

९ मार्च, रविवार
नेत्रा आली. अकराला. पदवीची सर्टिफिकेटं हवी होती. शाळा तिला कायम ठेवायचं म्हणते आहे.
मी दूध आणि नवं पातेलं तयार ठेवलं होतं. सगळीकडे पाहून ती म्हणाली, छान झालंय. ग्रॅनाइटवरून हात फिरवला. मग हॉबसमोर उभी राहिली. कट्टा तिच्या छातीला लागत होता. पातेल्यात बघायला तिला टाचा उचलाव्या लागल्या.
विचारलं, माप कुणाचं? विठ्ठलची पद्धत समजावून सांगितली. ती हसायला लागली. कट्ट्याची कड धरून हसली, डोळे पुसले. बऱ्याच महिन्यांनी हसली. शुभ लक्षण म्हणून नोंदवतो.
म्हटलं, पाट देतो, पाटावर उभी राहा. ती म्हणाली, सहा वर्षं एका बर्नरवर काढली, आता पाटावर काढू? रागाने नाही. किती वाजले विचारावं तसं.
दूध ठेवलं. मी बाजूला हात जोडून. साय फुगली, काठाला आली, आणि तिने बटण फिरवलं. गॅस बंद. दूध खाली बसलं. तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. म्हणाली, अय्या, सवयीने झालं.
म्हटलं, परत पेटव. ती म्हणाली, राहू द्या. चहा करते.
चहा प्यायलो. चांगला होता. तीनला गेली. स्टेशनवर येतो म्हटलं, तर म्हणाली, कशाला, रिक्षा आहे.
निष्कर्ष: दूध उतू गेलेलं नाही. म्हणजे विधी अपुरा आहे. म्हणजे तिला पुन्हा यावं लागेल.

१२ मार्च
विठ्ठलला कट्टा कमी करायला बोलावलं. तो म्हणाला, फोडावा लागेल, आणि मॅडम समोर उभ्या राहिल्याशिवाय मी या वेळी रेघ मारणार नाही. तत्त्वाचा माणूस.
नेत्राला फोन करून उंची विचारली. वीस वर्षांत ही माहिती आपल्याकडे नाही, याचं वाईट वाटलं. तिने सांगितली नाही. म्हणाली, पत्र टाकलंय, मिळेल.

१७ मार्च
पत्र मिळालं. दोन कागद. पहिला तिने मला लिहिलेला, चार ओळींचा. गॅसचं कनेक्शन तिच्या नावावर आहे, ते अळणावरला न्यायचं आहे, तिथे तिने खोली घेतली आहे. सिलिंडर, रेग्युलेटर आणि पुस्तक एजन्सीत जमा करावं. तब्येतीला जपा.
दुसरा कागद एजन्सीसाठी. 'माझ्या वतीने श्री. वादिराज गुरुनाथ इनामदार यांना अधिकार देत आहे.' अक्षर सुंदर. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. खाली 'कायमचा पत्ता: अळणावर'. अर्जांत तसं लिहायची पद्धत असते.

१८ मार्च, दुपारी
रिक्षातून सिलिंडर एजन्सीत नेला. काउंटरवर रूपा नावाच्या बाई. सभ्य. फॉर्ममध्ये बदलीचं कारण लिहायची जागा होती. विचारलं, 'तात्पुरतं' असं लिहिलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, तात्पुरतं कुणी सिलिंडर हलवत नाही हो सर.
मागे रांग होती. मग लिहिलं, 'पत्नी तिकडे राहते.' त्यांनी वाचून मान हलवली. पावती दिली.
नंतर म्हणाल्या, मग आता तुमच्या नावावर नवीन कनेक्शन लागेल ना, घरी शेगडी आहे? म्हटलं, आहे. चार बर्नरची. दुसरा फॉर्म दिला. नाव, पत्ता लिहिला. पुढे, घरातील एकूण व्यक्ती. दोन लिहिलं. बाई म्हणाल्या, दुसऱ्यांच्या आधारची झेरॉक्स द्या.
दोनवर काट मारली आणि एक लिहिलं. विचारलं, नवीन फॉर्म घेऊ का. म्हणाल्या, खाडाखोड चालते, फक्त शेजारी छोटी सही करा.
केली.