तिचं नाव मी विचारलं नव्हतं

३ फेब्रुवारी, सोमवार

दिशे, वही काढलीस का? पेन सापडला का? गेल्या दिवाळीत पेणच्या बाजारात मला चपलेच्या दुकानात बसवून तू एकटीच रोह्याच्या एस्टीत चढलीस, आणि वडखळ मागे पडल्यावर तुला आजी आठवली. म्हणून आधीच सांगते, वर तारीख लिही. मी फोनवर बोलेन तसं लिही, तुझं शहाणपण मधे घालू नको. मला अक्षर येत नाय म्हणून काय झालं, तू काय गाळलंस ते मला बरोबर कळतं.

पोचले गो बाय. विमानात खिडकी मिळाली. पाणी मागितलं तर औषधाच्या टोपणाएवढ्या पेल्यात दिलं. तुझा बाबा घ्यायला आला होता. जितेश बारीक झालाय, तुझ्या आईला सांगू नको.

या देशाचं नाव फोनवर घ्यायचं नाय म्हणतो. एवढ्या लांब आले आणि गावाचं नाव सांगायचं नाय, मग शेजारच्या अनिताला काय सांगून जळवू? निघताना तीच विचारत होती, जिथे सरकार उलटलंय, रस्त्यावर बंदुका हायत, तिथे मजा करायला जाताना जिवाला काय वाटत नाय का? मी म्हटलं, तिथेपण सकाळी चुली पेटतच असतील. जाते, लेकाला दोन घास घालते, महिन्याने येते.

घर छान हाय. कंपनीचं. मागच्या भिंतीपलीकडे काय असेल? मिठागर! आपल्या आगरासारखंच, फक्त वाफे मोठे. खारा वारा नाकात गेला आणि वाटलं, एवढे पैसे घालवून मी परत घरीच आले.

५ फेब्रुवारी, बुधवार

इथे स्वयंपाकाला एक बाई येते. चाळिशीची, कामाला विजेसारखी. वाशीला आठ वर्षं घरकाम करून आलीय, हिंदी बोलते, मधेच "काय झाला?" असं आपलं मराठी टाकते. तिने नाव सांगितलं, पण ते माझ्या जिभेवर बसेना. दोनदा प्रयत्न केला, ती हसली, मी हसले. मग मी म्हटलं, तू माझी बायजा. आमच्या आगरात माझ्या जोडीला एक बायजा होती, तशीच ही. आता जितेशपण तिला बायजा म्हणतो, दारावरचा पहारेकरीपण.

जितेशने मला नेम घालून दिलेत. फोटो काढायचे नाय. वर्दीवाल्याकडे बोट करायचं नाय. कोणाचा माणूस दिसत नसेल तर तो कुठे गेला विचारायचं नाय. मी म्हटलं, मग मी करू काय, पापड? बायजा हसली नाय. तिने दार लावून घेतलं आणि मला सांगितलं की तिच्या गल्लीतली तीन माणसं पावसाळ्यापासून घरी आली नायत. मग लगेच भाताचं बोलायला लागली.

मला इथे सगळे मान देतात. पहारेकरी सलाम ठोकतो. पेणला मला रिक्षावालापण जागा देत नाय. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज मिठागर बघून आले. बायजा सोबत होती. सहा वाफ्यांत मीठ धरलंय, पण सातवा कोरडा, नुसता पडून. कामगार त्याच्या बांधावरून चालत नायत, लांबून वळसा घालतात. मला राहवेना. चप्पल काढली आणि उतरले.

तुला सांगितलेलं हाय, तू विसरली असशील. पाणी घ्यायच्या आधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवतात, आठवडाभर, बायकापुरुष रांगेत. तो दगडासारखा झाला पाहिजे, नायतर मिठात चिखल येतो. माझी सासू मला डोळे मिटून चालायला लावायची आणि विचारायची, टाच कुठे बसली? पन्नास वर्षं हेच केलं. माझ्या टाचेला जे कळतं ते तुझ्या कॉलेजच्या मास्तरालापण कळणार नाय.

सातव्याचा तळ खणून परत भरलाय. वरवर थापलाय, तुडवलेला नाय. एकाला एक लागून अकरा ठिकाणी टाच आत बसते. लांबी हाताने मोजली, साडेतीन हात. सगळ्या सारख्या. मी बायजाला म्हटलं, कामचुकार माणसं लावलीत तुमच्या लोकांनी. तिचा चेहरा मिठासारखा झाला. म्हणाली, आजी, ऊपर आ जाओ. एवढंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज घरी पाहुणे जेवायला. वर्दीतला मोठा साहेब, मिठागराची राखण त्याच्याकडे. गोड माणूस. माझ्या हातची भाकरी दोनदा मागितली, मला आई म्हणाला. मी फुलले. मग म्हटलं, आपल्याकडे ज्ञान हाय तर देऊया. मी बायजाला सांगितलं, साहेबाला सांग, सातव्या वाफ्याचा तळ बिघडलाय, अकरा ठिकाणी खणलंय, परत तुडवायला पाहिजे.

मी एवढं लांबण लावलं आणि बायजाने दोन शब्दांत उरकलं. साहेब मान डोलवून भाकरी खात राहिला. मला राग आला. म्हटलं, गो, माझं बोलणं कापून कुठे ठेवलंस? परत सांगितलं. ती परत काहीतरी भलतंच बोलली, कारण साहेब हसून मिठाच्या बरणीकडे बघायला लागला.

तेव्हा मी उठले. साहेबाचा हात धरला, त्याला मागच्या दाराने वाफ्यावर नेलं. चप्पल काढली, टाच मारून दाखवली, काठीने रेघा ओढल्या. एक, दोन, तीन, अशा अकरा. जितेश मागून आये आये करत होता. मी म्हटलं, थांब रे, तुझ्या आईलापण काहीतरी येतं.

साहेब हसायचा थांबला. त्याने माझ्याकडे बघितलंच नाय. तो बायजाकडे बघत होता. तिला हळू आवाजात काहीतरी विचारलं. तिने मान हलवली, नाय. परत विचारलं. परत नाय.

संध्याकाळी जितेश खाटेवर आडवा पडला होता, भिंतीकडे तोंड करून. मी पायाशी उभी राहून बघत होते. लेक माझा केवढा लांब झालाय.

साडेतीन हात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बायजा आली नाय.

जितेशने आज मला नीट सांगितलं. साहेबाला वाटतंय, परक्या देशातल्या म्हातारीला हे आपोआप कळणार नाय, इथल्याच कोणीतरी सांगितलं असणार. टाचेला कळतं यावर कोण विश्वास ठेवील? मी म्हटलं, मला घेऊन चल, मी समोर चालून दाखवते. तो म्हणाला, आये, तू अजून किती चालून दाखवणार?

त्याचं हे बोलणंपण लिही, दिशे. हे गाळू नको.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दार वाजलं. बायजा आली म्हणून मी धावले. दारात दुसरीच बाई. बायजाचाच निळा एप्रन घातलेली. पहारेकरी मोडक्या हिंदीत म्हणाला, बायजा आली.

मी म्हटलं, ही नाय. तो म्हणाला, हीच. बाईला विचारलं, तुझं नाव काय? ती जमिनीकडे बघून म्हणाली, बायजा.

एप्रन तिला मोठा होता. गाठ दोनदा फिरवून बांधली होती.

जितेश बाहेर आला. मी म्हटलं, सांग रे याला. त्याने बाईकडे बघितलं, पहारेकऱ्याकडे बघितलं. म्हणाला, आये, हीच ती, तुला नीट दिसत नाय हल्ली.

माझा लेक.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कंपनीच्या कचेरीत गेले, तिथे हिंदी कळतं. म्हटलं, आमची बायजा हरवलीय. त्यांनी कागद काढले, खोटं खोटं शोधलं. म्हणाले, बायजा तर कामावर हाय. म्हटलं, ती नाय, आधीची. म्हणाले, आधीचीचं नाव काय?

मी तशीच घरी आले.

दहा दिवस तिच्या हातचं खाल्लं. मी निवडलेलं नाव तिच्या डोक्यावर ठेवलं आणि मला केवढी माया केल्यासारखं वाटलं. तिचं नाव जिभेवर बसेना म्हणून सोडून दिलं. आता तेच त्यांच्या कामाला आलं. माझी बायजा कधी नव्हतीच, दिशे. मी ठेवलेलं नाव होतं, ते आता दुसरीला घातलंय.

आमचे पासपोर्ट कचेरीतच हायत. माझं विमान शुक्रवारचं काढलंय. जितेश म्हणतो, तू गेलीस की सगळं निवेल. कोणाचं निवेल? आपण जाऊ. ती कुठे जाईल?

१७ फेब्रुवारी, सोमवार

नवीन बाईने आज नळ मोठा सोडला आणि पाण्याच्या आवाजात मोडक्या हिंदीत बोलली. ही आधीच्या बायजाची शेजारीण. तिला सांगितलंय, या घरात बायजा हो, नायतर तुझ्या नवऱ्याला उचलू.

बंदराजवळ जुनी जकातीची इमारत हाय. तिथे एक खिडकी. घरची माणसं डबा घेऊन जातात, आतल्याचं पूर्ण नाव सांगतात. डबा आत घेतला तर माणूस हाय. परत दिला तर नाय. दुसरं कोणी काय सांगत नाय. आधीच्या बायजाच्या म्हाताऱ्या आईला घराबाहेर पडू देत नायत, म्हणून अजून कोणी डबा नेलाच नाय.

मी बायजाचं खरं नाव विचारलं. तिने कानात सांगितलं. नळाखाली उभी राहून मी ते घोकलं. जीभ वळेपर्यंत घोकलं. दुपार झाली.

इथे फोनवर मी ते नाव घेत नाय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भाजीच्या पिशवीत डबा घालून निघाले. पहारेकऱ्याने सलाम केला. रांगेत तीस-चाळीस बाया. माझ्या पुढचीचा डबा परत आला. ती रडली नाय, नुसती तो धरून उभी राहिली. मग बाजूला झाली, मला जागा दिली.

मी नाव सांगितलं. सगळं, एका दमात. आतला माणूस माझ्या साडीकडे बघत राहिला.

डबा घेतला.

घेतला, दिशे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कालचा डबा रिकामा परत मिळाला. धुतलेला. कोणी खाल्लं, कसं कळावं? शिपाईपण खाऊ शकतो. आजचा डबाही घेतला.

वळले तर मागे जितेश. शिफ्ट सोडून आलेला. रिकामा डबा माझ्या हातातून घेतला आणि घरापर्यंत धरून चालला.

घरी आलो तर सातव्या वाफ्यात पाणी सोडलेलं. घोटाभर. माझ्या रेघा पुसल्या.

आज का सोडलं पाणी? आजच का—

२० फेब्रुवारी, गुरुवार

उजाडताच उतरले. पाणी गार. डोळे मिटले, सासूने शिकवलं तसं. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत. एक. दोन. टाच बसते तिथे थांबायचं नाय, पुढे जायचं. नऊ. दहा. अकरा.

पुढचा तळ दगडासारखा लागला. कोपऱ्यापर्यंत दगड. परत फिरून बघितलं.

अकराच. बारावी जागा नाय. ती हाय. डबा तीच खाते.

डोळे उघडले तर बांधावर साहेब उभा. भाकरी मागितली होती तसाच हसत. मला म्हणाला— काय म्हणाला कळलं नाय, सांगायला बायजा कुठे हाय—

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

विमानात बसले नाय. जितेशला सांगितलं, मी गेले तर खिडकीवर तिचं नाव कोण सांगणार. तो म्हणाला, मी सांगेन, तू जा. पण पासपोर्ट देतच नायत. वरच्या मोरीत कोंडून घेऊन बोलतेय. गाडी आलीय फाटकाशी. दोन गाड्या. नवीन बाई भांडी जोरात आपटतेय, मला कळावं म्हणून—

जितेशच्या कामावरचा कमळाकर एक तारखेला निडीहून इकडे निघतोय, त्याच्याबरोबर सामान पाठव. विसरू नको गो. या खेपेला नको विसरू. आता दोन डबे लागतील. दुसऱ्यासाठी जितेशला सांग, खिडकीवर आये म्हणून सांगू नको, आजी म्हणून नको, पूर्ण सांग, धोंडुबाई मोरू पाटील, गाव—

जिना वाजतोय.

तिच्यासाठी तांदळाचं पीठ, गूळ, भाजलेले शेंगदाणे, टिकेल असं सगळं. माझ्या डब्यात शेंगदाणे नको, दात कुठायत मला. कुळथाचं पीठ दे, पिठलं पातळ करायला सांग, आणि मऊ भाताला थोडा जुना तांदूळ—