एडक्याच्या टकरीचा नियम

दादा, पिठलं-भाकर झाकून ठेवलीय, ड्युटीवरून आला की खाऊन घे. मी अंबडला कामावर चालले.

आपण दोघांनी बनवलेल्या राक्षसांच्या पटावरच्या खेळातला धडकेचा नियम मी बदललाय. स्वारानं सरळ चार घरं पळायचं अन् दुप्पट मार द्यायचा, हे आपण चुकीचं लिहिल्तं. आबांचा एडका आठव. टक्कर द्यायच्या आधी तो मागं सरायचा. म्हणून आता स्वारानंही आधी दोन घरं मागं सरायचं, अन् तो मागं सरत असताना त्याला कुणी मारायचं न्हाई.

आबा गेल्यावर मेंढरं तू मला न विचारता विकली. त्या दिवशी तू गुमान मागं सरला, तरी मी तुला टाकून बोलतच राह्यले. तवापासून तू डबल ड्युटी करून राह्यला अन् मी दोन्हीकडचे फासे एकटीच टाकून राह्यले. तुझे फासे बराबर टाकते, लबाडी न्हाई. काल तू जिंकला. कुणाला सांगावं कळंना.

पट मांडून ठेवलाय. तुझा स्वार दोन घरं मागं उभा हाय. मी त्याला मारलं न्हाई. डाव तुझा.

रेणू