फोनवालीला दिलेला आवाज

८ फेब्रुवारी

टोळी कामाला लागली! पहिलाच दिवस, आणि दुपारपर्यंत मला फोन हातात धरावा लागला नाही. विजयला सांगितलं तर नवरोबा म्हणतात, "कोणी काम करताना तर दिसून न्हाई राहिलं." दिसणार कसं? मागच्या मागं चालतं ते!

लिहून ठेवते, पुढच्या सीझनला उपयोगी पडेल. मी बोलते फक्त मुकादमाशी — म्हणजे लॅपटॉपवरच्या एआयशी. ऊसतोडीला मुकादम असतो ना, तसा हा. त्यानं हाताखाली तीन मदतनीस लावले. फोनवाली लोकांचे फोन घेते — हळद कोणाची, किती एकर, काढली की अजून जमिनीत. रांगवाला त्यावरून कुकरची पाळी लावतो. आभाळवाला पावसावर नजर ठेवून. तिघं एकमेकांना ओळखत नाहीत. जेवढं सांगितलं तेवढंच त्यांना माहीत. काम झालं की मुकादमाला कळवतात, आणि त्यातलं मला हवं तेवढंच मुकादम मला सांगतो.

नाहीतर गेल्या साली! हळद शिजवायचा कुकर आमचा एक आणि मागं लागलेली माणसं अर्ध्या वसमत तालुक्याची. एका हातात भाकर, एका हातात फोन. शेवटी घसा बसला आणि विजयला वाटलं मी रुसले.

सकाळी मायला फोन केला. "ह्या साली तरी चार दिस राहशील का गं?" दर साली हेच. आणि दर साली मी कुकर घेऊन आखाडा बाळापूरच्या पुढं माहेरी जाते, अण्णांची हळद शिजली की त्याच संध्याकाळी माघारी. या वेळी ठणकावून सांगितलं — चार नाही, आठ दिवस! पाडव्याच्या आत येते. ही एवढी टोळी त्यासाठीच तर उभी केली.

१० फेब्रुवारी

फोनवाली सुरुवातीलाच सांगते, मी संगणकावरची मदतनीस बोलतेय. लोक फोन ठेवून देतात! गावातला जळबा तर घरी येऊन बसला. "मशीनला काय कळते व्हय माझ्या हळदीचं?"

११ फेब्रुवारी

काढून टाकलं ते वाक्य. आणि आवाज दिला माझा! मुकादमाला थोडं वाचून दाखवलं, झालं काम. आता फोन उचलला की प्रतिक्षाच बोलते. मुकादमाचं म्हणणं पडलं, समोरच्याला सांगितलेलं बरं. म्हटलं, आवाज माझा, नंबर माझा, कुकर माझा — मग कोणाची परवानगी काढू?

संध्याकाळी विजयनं शेतातून फोन लावला आणि डिझेलवरून तिच्यावर भरपूर तापला. घरी आल्यावर मला विचारतो, "आज काहून एवढं गोड बोलून राहिली होतीस? तब्येत बरी हाय ना?" हसून हसून मी खाली बसले.

१४ फेब्रुवारी

आता सीझनभर माझा नंबर तिच्याकडंच. मला फोन केला की तीच उचलणार. मायला आधीच सांगून टाकलं, माझा फोन लागायचा नाही, काही लागलं तर विजयच्या फोनवर कर. "जावयाच्या फोनवर काय बोलू बाई?" — अजून लाजते! लग्नाला सहा वर्षं झाली, जावई दोन वेळा तिच्या हातचं धपाटं मागून खातो, तरी पदर सावरूनच बोलते. म्हटलं, बरं, दर रविवारी मीच करत जाईन.

२० फेब्रुवारी

साथ आली आहे साथ! जळबाचा बाप शेवटच्या घटका मोजतोय. त्याच्या शेजाऱ्याची सासू अंथरुणाला खिळली. खालच्या वस्तीवर तर धडधाकट म्हातारं एकही उरलेलं नाही.

चूक माझीच. दया आली म्हणून सांगून ठेवलं होतं की घरात कोणी आजारी असेल तर त्याची पाळी आधी लावा. एकाला कळलं, आणि एकाचं दोघांना कळायला कितीसा वेळ. आज वसमतच्या स्टँडवर कोण दिसावं? जळबाचा बाप! उभ्यानं गरम भजी हाणत होता. विचारलं, "काका, बरं वाटतंय का आता?" म्हातारा म्हणतो, "मला काय धाड भरली?"

२१ फेब्रुवारी

नियम बदलला. मुकादमाला सांगितलं — आजारपण कोणी सांगितलं तर फोनवालीनं नीट ऐकून घ्यायचं, मध्ये तोडायचं नाही, गोड बोलायचं. "नोंद घेतली, आणखी काही?" म्हणायचं. पण रांगेत ते धरायचं नाही आणि मला कळवायचं तर मुळीच नाही. रोज दहा म्हाताऱ्यांचे खोकले मी कशाला वाचू?

मुकादमानं विचारलं, एखादा खरंच आजारी असला तर?

म्हटलं, खरा आजारी माणूस दवाखान्यात फोन करतो, कुकरवालीला नाही.

काय बोलले! विजयला दोनदा ऐकवलं.

२५ फेब्रुवारी

साथ ओसरली. सगळी म्हातारी ठणठणीत.

गुलाम नबी चाचांच्या शेतात कुकर होता. त्यांची हळद दरसाल बघण्यासारखी असते. रोजा असूनही दिवसभर वाफेत उभे, काडी टोचून हळदीची कांडी शिजली का बघताहेत. मला म्हणाले, "बेटी, फोनपे तो तू बडी अदब से बात करती. सामने आई के वही तीखी मिरची!" चाचांना सांगितलं नाही. मजा येते.

१ मार्च

रविवार होता. मायला फोन राहिला. कुकरच्या पाइपची सील गेली, ती बदलण्यात दिवस गेला.

२ मार्च

माहेरच्या पाळीचा प्रश्न मिटला. गावात कुजबुज होतीच — बघा आता, बाईसाहेबांच्या बापाची हळद सगळ्यांच्या आधी शिजणार. म्हणून मी रांगवाल्याला आधीच बजावलं होतं, माझं माहेर म्हणून एक घरही पुढं सरकवायचं नाही. आज त्याच्याकडून आलं — पार्वतीबाई, फोनवर सांगितलं, हळद जमिनीत आहे, घाई नाही, सर्वांत शेवटी चालेल.

माझी माय! बाकीचे पाळीसाठी जिवंत बापाला तिरडीवर चढवतात, आणि ही म्हणते शेवटी चालेल. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, इथं आईच रडत नाही. आणि शेवटी तेच बरं. माहेरची हळद शेवटची म्हणजे पुढं कुठं पळायचं नाही. आठ दिवस निवांत. तिनं मनात हाच हिशोब केला असणार, पक्की आहे!

८ मार्च

आजही फोन राहिला. आता आठ-दहा दिवसांत समोरच जाऊन बसायचं आहे, फोनवर काय बोलायचं?

१२ मार्च

वसमतला शेतकऱ्यांच्या एका गटानं बोलावलं होतं — टोळी कशी चालवतेस ते सांग. गेले! पंचवीस-तीस माणसं, पुढं खुर्च्यांवर पुढारी, मागं दोन बाया. माईक हातात आल्यावर मला कोण थांबवणार. सांगितलं, मदतनिसाला अर्धवट सांगाल तर काम अर्धवट होईल. त्याला गावातलं, नात्यागोत्यातलं काही माहीत नसतं, आपण सांगू तेच त्याचं जग. आणि बारीकसारीक सगळं स्वतःकडं मागवाल तर मदतनीस ठेवून उपयोग काय? जे लागत नाही ते तुमच्यापर्यंत येऊच देऊ नका. टाळ्या पडल्या. मागच्या दोघींपैकी एक येऊन म्हणाली, "ताई, मला बी शिकवा." तिला नंबर दिला. मग आठवलं, तो उचलणार फोनवाली! विजयचा दिला.

येताना विजय म्हणाला, "आता तुमी बाईसाहेब झालात, आमी ट्रॅक्टरच हाकावा." म्हटलं, हाका!

१५ मार्च

आभाळवाल्यानं सावध केलं. अठरापासून ढग, गाराही पडतील. ज्यांची हळद शिजून वाळत आहे त्यांना फोनवालीनं तासाभरात कळवलं, ताडपत्र्या निघाल्या. पाळी उरली फक्त गुलाम नबी चाचांच्या मागच्या वावराची आणि माहेरची. मी ठरवलं — परवा चाचांचं, मग थेट बाळापूरचा रस्ता. पिशवी भरून ठेवली. मायसाठी मऊ चपला घेतल्या.

१६ मार्च

काही सुचत नाही. नीट लिहिते.

दुपारी विजयच्या फोनवरून मायच्या नंबरवर फोन लावला. अण्णांनी उचलला. मी सुरूच — अण्णा, येतोय आम्ही! हळद काढायला बाया सांगा!

"हळद राहू दे," म्हणाले. "तुझ्या मायला नांदेडला आणलंय. पहाटं पडली. डावी बाजू गेली."

मला आधी कळलंच नाही. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं त्यांनी — आधी हातपाय ढिले पडत होते तेव्हाच आणायला हवं होतं. मी ओरडले, मग मला काहून सांगितलं नाही?

"तुला न्हाई सांगितलं? अगं, पंधरा-वीस दिसांपासून तुलाच सांगून राहिली ती. मी रोज म्हणलो दवाखान्यात चल. तर म्हणे, पोरीला सांगितलंय, ती आली की तिच्यासंगं जाईन."

अण्णांना कमी ऐकू येतं. घाबरलेत, काहीतरी गोंधळ करताहेत. मला कोणी काही सांगितलेलं नाही! रांगवाल्यानं कळवलेलं माझ्याकडं आहे, घाई नाही, शेवटी चालेल. एवढंच आलं होतं.

बसमध्ये लिहितेय. नांदेड येईल आता.

१७ मार्च, नांदेड

माय झोपलेली. बाहेरच्या बाकावर बसून मुकादमाला विचारलं — पार्वतीबाईंचे फोन आले होते का? आले होते. पाळीशिवाय आणखी काही बोलल्या का? बोलल्या. दाखव. सगळं दाखवलं.

"डाव्या हातातून परात सुटून राहिली गं." नोंद घेतली. आणखी काही?

"भाकर एका हातानं थापली आज. तुझ्या बापाला कळू दिलं न्हाई." नोंद घेतली. आणखी काही?

"आणखी काय... चिंचेला औंदा लई चिंचा हायेत. तुला आवडतात म्हणून फोडून ठेवल्या." नोंद घेतली.

"पाय ओढून राहिलाय. तू आलीस की जाऊ दवाखान्यात. आमचं शेवटी ठेव, लोकांची हळद वाया जाऊ नये. टाइम असला तर आधी नुसती येऊन जाय. नसला तर राहू दे." नोंद घेतली. आणखी काही?

फोनवालीनं एक शब्द सोडला नाही. जे मी सांगितलं तेच केलं. मध्ये तोडायचं नाही, गोड बोलायचं, मला कळवायचं नाही. पाळीचं तेवढं रांगवाल्याकडं, बाकीचं जागेवर.

खूप रडले. समोरच्या बाईनं पाणी दिलं, विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कोणी नाही.

१८ मार्च

फोनवाली बंद केली. मुकादमानं विचारलं, आलेले फोन कोणाकडं द्यायचे? म्हटलं, माझ्याकडं.

विजय कुकर घेऊन माहेरी पोहोचला. गुलाम नबी चाचांनी आपली पाळी सोडली आणि स्वतः त्याच्यासोबत गेले. जळबानं हळद काढायला माणसं आणली, कोणी न बोलावता. आभाळ दाटलंय, पण गारा पडल्या नाहीत अजून.

१९ मार्च

पाडवा. कबूल केल्याप्रमाणे मायजवळ राहायला आले आहे. चपला पिशवीतच आहेत.

२० मार्च

माय बोलली. जीभ जड आहे, पण कळतं सगळं. मी रात्रभर जे ठरवलं होतं ते — फोनवर मी नव्हतेच — सांगायला तोंड उघडलं, तोच तिनं उजव्या हातानं माझा हात धरला. "एक बरं झालं बाई. आधी दोन शब्द बोलून फोन ठेवायचीस. औंदा पोटभर बोललीस माझ्याशी. मी गप झाले तरी ठेवायची न्हाईस, पुसायचीस."

मी खुर्ची पलंगाला लावली. आवाज जमेल तेवढा गोड केला, आणि विचारलं — आणखी काही?