पायलचं ताट

इंदोरा, नागपूर
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

प्रिय पायल,

सप्रेम जय भीम. इकडे सगळे बरे आहेत, असं पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू कशी आहेस हे विचारायला मला तोंड नाही, तरी विचारते. माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस. बरोबर केलंस, तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. म्हणून हे पत्र. पोस्टात सांगणार आहे की पायलच्या हातातच द्या, घरी दुसऱ्या कुणाच्या नको.

तुझी नणंद पिंकी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला गेली. माझ्या सासऱ्यांचा, मामाजींचा, गुडघा थंडीनं धरला आहे, पण शहाऐंशीव्या वर्षीही सकाळचा फेरा त्यांनी सोडलेला नाही. अंगणवाडीतून मी मार्चमध्ये मुदतीआधीच निवृत्ती घेतली, ते तुझ्या कानावर आलंच असेल. तेवीस वर्षं बायांना आहार शिकवला, लेकरांच्या किडक्या दातांवरून त्यांच्या आयांना झापलं. आता घरात बसून कंटाळा येतो.

थांब, पाणी पिऊन येते. हल्ली तोंड सारखं कोरडं पडतं.

आले. त्याचंच सांगते. श्रावणात माझ्या जिभेवर पांढरे डाग आले. साय धरल्यासारखे. घासले की खालून लाल निघायचं, आग व्हायची. मी कुणाला बोलले नाही. पिंकीच्या बाबांचं तंबाखूच्या खर्र्यानं काय झालं ते तू लग्नानंतर ऐकलं आहेस, मी पाहिलं आहे. त्यांचीही सुरुवात अशाच पांढऱ्या डागानं झाली होती. मला वाटलं, आता माझी पाळी. दोन महिने मी पदर तोंडाला लावून फिरले.

तिखट तोंडात घेववेना. वांग्याची भाजी नाही, ठेचा नाही, वरणातली मिरचीसुद्धा नाही. मग मऊ आणि गोड तेवढं खायला लागले. सकाळी दूध-पोळी, वर दोन चमचे साखर. दुपारी चहात बिस्किटं, संध्याकाळी आंब्याच्या रसाची बाटली. जिभेला गार वाटायचं. डाग वाढले की मी साखर वाढवायची. आहार शिकवणारी बाई!

शेवटी पिंकीनं हात धरून दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, दामिनी नाव. लाकडी पट्टीनं डाग खरवडून पाहिला, हिरड्या पाहिल्या, दोन दाढांत कीड दाखवली. म्हणाली, "काकू, गोड किती खाऊन राहिल्या तुम्ही?" मी सांगितलं. तिनं बोटातून रक्त काढलं. साखर तीनशे सव्वीस निघाली.

"कॅन्सर तर नाही ना वं?" मी विचारलं.

"नाही, हे बुरशी आहे. आपल्या सगळ्याईच्या तोंडात ते थोडी असतेच. रक्तातली साखर वाढली का फोफावते. त्यात तुम्ही वरून गोड खाऊन राहिल्या. दातबी त्याच्यानंच किडले."

मी रडले. सुटले म्हणून रडले. मग तिनं पिंकीला बाहेर बसवलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "काकू, अजून कुठं खाज येते का? खाली?"

पायल, मी नाही म्हणाले.

बाहेर आले, औषधाच्या रांगेत उभी राहिले. नंबर आला तरी पुढे सरकेना. मागची बाई ओरडली. मी रांग सोडून परत आत गेले आणि त्या पोरीला सांगितलं की हो, येते, महिना झाला. ती हसली नाही. म्हणाली, "तेच आहे, काकू. तोंडात जे आहे, तेच खाली. लाजाचं काय त्यात?"

मी विचारलं, "पण हे बाहेरच्या माणसाकडून येते ना?"

"कोणं सांगितलं तुम्हाले?"

कुणीच सांगितलं नव्हतं. ते मीच सांगत फिरले होते. तिनं समजावलं की बहुतेक बायांना आयुष्यात एकदा तरी हे होतं. साखर असली की होतं, आणि अँटिबायोटिकचा मारा झाला की चांगल्या तब्येतीच्या पोरीलाही होतं. चांगले जंतू मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. तेव्हा मला तुझी दाढ आठवली.

गेल्या वर्षी तुझी दाढ दुखत होती. तू म्हणालीस, "आई, दवाखान्यात जाऊन येतो," आणि मी म्हणाले, "काहून पैसे घालवतं वं, मेडिकलमधून गोळ्या आण." तीनदा आणल्यास, तिन्ही वेळा माझ्या सांगण्यावरून. त्याआधी पाच महिने मी तुला डिंकाचे लाडू आणि झोपताना साखरेचं केळं-दूध देत होते, कारण सून वाळलेली दिसली तर लोक सासूला बोलतात. नको म्हणालीस तरी पेला रिकामा होईपर्यंत मी समोर उभी राहायची. दाढ त्यानंच किडली असेल. पुढचंही सगळं माझ्याच हातचं.

आता जे लिहायचं टाळते आहे तिथे आले. मघापासून तीनदा उठून दार पाहून झालं, कुणी आलेलं नाही.

तू स्वयंपाकघरात माझ्या कानाशी येऊन सांगितलंस की खाली खाज येते, आई समजून सांगितलंस. आणि मी दोन पावलं मागे सरले. तुझी बादली वेगळी केली, मग टॉवेल. मग ताट आणि गिलास. खिडकीत ठेवले, आणि तुझं तू घासून परत तिथेच ठेवायचं, असा नियम केला. पायल, आपल्या घरात. ज्या घरात मामाजी दरवर्षी चौदा ऑक्टोबरला नातवंडांना सांगतात की मौद्याकडच्या त्यांच्या गावात त्यांना वरून ओंजळीत पाणी ओतायचे, आणि मी डोळे पुसत ऐकते. त्या घरात मी सुनेचं ताट वेगळं काढलं आणि मला काहीही वाटलं नाही.

तुला माहीत नसेल, तू गेलीस त्याच संध्याकाळी मामाजींनी खिडकीतलं ते ताट उतरवलं. म्हणाले, "मले याच्यातच वाढत जाय." मी म्हटलं, "मामाजी, ते पायलचं आहे." ते म्हणाले, "म्हणूनच म्हणून राहिलो." त्या दिवसापासून ते त्याच ताटात जेवतात. मला वाटायचं, म्हातारपणाचा हट्ट. तेरा महिने त्या ताटात भाजी वाढताना मला त्याचा अर्थ कळला नाही.

ताटाचं तू पाहिलंस. जे तू पाहिलं नाहीस ते आता लिहिते. तुझ्या नवऱ्यानं, प्रशिकनं, मला विचारलं होतं की पायल अशी दूर दूर काहून राहते. मी त्याला म्हणाले, "असं दुखणं घरात होत नाही, बाबू. बाहेरूनच येते." एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यानं तुझा फोन तपासला. तुला वाटत असेल, संशय त्याच्या डोक्यातून निघाला. नाही, मी घातला. आणि गोपिकाताईंना, तुझ्या आईला, फोन करून "पोरीले विचारा" असं म्हणणारीही मीच. तू डॉक्टरचा कागद घेऊन आलीस तेव्हा मी तो न वाचता गॅसजवळ ठेवला, भिजला. मी, जी रेशनच्या पाकिटावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचते. वाचला असता तर खोटी ठरले असते.

काल प्रशिक ड्युटीवरून आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. माझं तोंड, माझी खाज, सगळं. आईनं मुलाशी बोलू नये ते बोलले. तो बूट न काढता पलंगावर बसून राहिला. मग म्हणाला, "मी तिले एकदा विचारलंबी नाही, आई." मी त्याचं सांत्वन केलं नाही. त्याची वकिली मी इथेही करत नाही. तो काय बोलेल ते त्याचं तो बोलेल, आणि ऐकायचं की नाही ते तू ठरव.

सोमवारी कोर्टात घटस्फोटाच्या कागदांवर तुम्हा दोघांच्या सह्या आहेत. सही करू नकोस असं मी म्हणणार नाही, तो हक्क मी घालवला. कर किंवा करू नको. पण तुझ्यात काही खोट होती म्हणून संसार मोडला, असं तुझ्या घरात एकही माणूस समजत असेल, तर त्या खोट्यावर सही होऊ नये.

म्हणून रविवारी मी कळमेश्वरला येते आहे, सकाळच्या बसनं, एकटी. तुझ्या आईसमोर, भावासमोर, शेजारचे ऐकत असतील तर त्यांच्याही समोर सांगेन की माझ्या सुनेला बुरशी झाली होती, जशी मला झाली आहे, आणि बाकीचं सगळं मी रचलं होतं. तुला समोर यायचं नसेल तर येऊ नकोस. मी दारातून सांगेन आणि परत जाईन.

भीती वाटते, पायल. या वयात हे सगळं मोठ्यानं बोलायचं, विहीणबाईच्या दारात. पण तू हेच माझ्या कानाशी येऊन किती विश्वासानं बोलली होतीस!

हे पत्र कुणालाही दाखव. वकिलाला दे, कोर्टात दे. नंतर कुणी म्हणू नये की हे कुणा भलत्याच बाईनं लिहिलं, म्हणून खाली "तुझी आई" असं लिहीत नाही. आधार कार्डावर आहे तेच नाव लिहिते. यातला शब्दन् शब्द खरा आहे. पायल निर्दोष आहे. दोष माझा आहे.

प्रेमिला मनोहर नगराळे
वय अठ्ठावन्न, निवृत्त अंगणवाडी सेविका