वाचायच्या राहिलेल्या जागा

४ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस मस्त गेला. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचे फोटो, कागदपत्रं परत मिळवून द्यायची, एवढंच काम. मालकीणबाईंना सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात. डिस्कची नाडी कशी बघायची, ते त्यांनी शिकवलं. तपासणीत वर हिरव्या अक्षरांत ‘उत्तम’ येतं, त्यावर अजिबात जायचं नाही. खालचे आकडे बघायचे. एखादी जागा खराब झाली की डिस्क तिथला मजकूर स्वतःच्या राखीव जागेत हलवते. हलवलेल्या जागा भराभर वाढल्या, तर डिस्कचं काही खरं नाही.

घरी चार वर्षांची लेक दारातच उभी. आई डॉक्टर झाली म्हटल्यावर बाईसाहेबांनी लगेच जीभ बाहेर काढून दाखवली.

६ जून
एक निवृत्त मास्तर रुमालात गुंडाळलेली डिस्क घेऊन आले. त्यांची मुलगी पाच वर्षांची असताना तापाने गेली. तिचा आवाज, तिचं हसणं, सगळं या एका डिस्कवर. हलवलेल्या जागा शून्य, पण वाचायच्या राहिलेल्या जागा, म्हणजे खराब होऊनही अजून न हलवलेल्या, चारशे बारा.

“वाचेल ना हो?” त्यांनी विचारलं. डिस्कबद्दल की मुलीबद्दल, कळलं नाही. मी हो म्हणून बसले.

८ जून
राहिलेल्या जागा तीनशे पाचवर आल्या! एक व्हिडिओ पूर्ण उघडला. मुलगी शीळ वाजवू बघतेय, नुसती हवा निघतेय. मास्तर हसता हसता रडायला लागले. मीही.

डॉक्टरीणबाईंना मात्र पटेना. एखाददुसरी जागा आपोआप सुधारते, शंभर नाही सुधारत. आणि हलवलेल्या जागा अजून शून्यच. मग ही डिस्क कोणाची राखीव जागा वापरतेय, असं त्या पुटपुटल्या.

लेकीने झोपताना ‘आपलं गाणं’ मागितलं. कुठलं, ते आठवेना. रुसली. दमले असेन.

११ जून
एकशे चाळीस. नवऱ्याने लेकीच्या जन्माच्या दिवशीचा फोटो दाखवला. कुशीत ती आहे, पलंगावर मी आहे. तो दिवस मात्र — काहीच नाही. कोरा.

या वहीची पहिली पानं वाचली. तिने जीभ काढून दाखवली म्हणे. अक्षर माझंच आहे.

१२ जून
मास्तरांना सगळं सांगितलं: डिस्कवरच्या जागा भरतात, तशी माझी लेक माझ्या डोक्यातून पुसली जाते. हसतील वाटलं होतं. ते म्हणाले, माझी गेली ती गेली, तुमची घरात आहे. त्यांनी स्वतःच तार ओढून काढली.

डिस्क बंद. पडद्यावर ऐंशी.
मग एकोणऐंशी.

१३ जून
डॉक्टरीणबाईंनी डिस्क हातोडीने फोडली. मास्तर पाठ फिरवून उभे.
तुकडे झाले. आकडा उतरतोच आहे —

१४ जून
फोनवर डॉक्टरीणबाई. नऊ.
घरीच बसून लिहून ठेवतेय. उजव्या गुडघ्यावर व्रण. फुलपाखराला ‘पुलपाखू’ म्हणते. झोपताना माझा कान धरते. रागावली की टेबलाखाली जाऊन —

फोन. चार.

एक मुलगी दारात येऊन उभी आहे. गुडघ्यावर व्रण. रडतेय. मला आई म्हणतेय. तिला जवळ घ्यायला हवं, एवढं कळतंय. घेतलं. तिने माझा कान धरला. विचारलं, बाळा, तू कोणाची —