पाजायचं कसं

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन केला की पहिल्याच वाक्याला तू 'आवाज असा का येतोय?' म्हणतेस आणि मी काहीतरी थाप मारून मोकळी होते, म्हणून लिहायला बसले. दुकानाचं शटर अर्धं ओढलंय. शिवायचे कपडे ढिगानं पडलेत, ते तसेच बाजूला सारलेत. आमच्या चिमुकल्या बाईसाहेब आत्ताच झोपल्यात, त्या उठायच्या आत हे संपवायचंय.

संस्थेतून दत्तक घेतलेली मुलगी घरी आली हे तुला कळवलं, फोटोही पाठवला. जे कळवलं नाही ते आता सांगते. हसू नकोस हं. मी तिला अंगावर पाजायच्या खटपटीत आहे.

हो, पोटी मूल झालेलं नसताना. तसं करता येतं म्हणे. डॉक्टरीणबाईंनी आधी काही महिने गोळ्या दिल्या, शरीराला वाटावं की आपल्याला दिवस गेलेत. मग त्या बंद करून सारखा पंप लावून बसायचं, म्हणजे शरीर म्हणतं, अगं बाई, बाळ आलं वाटतं! थोडक्यात, आपणच आपल्याला गंडवायचं. पंपाची घरघर शिलाई मशीनसारखीच, त्यामुळे बाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकांना वाटायचं मी आत मान मोडून काम करतेय. कितीतरी दिवस नुसती हवा. तुझे मेहुणे पडले लिफ्ट दुरुस्त करणारे. ते रोज दाराबाहेरून 'काही हालचाल?' असं विचारायचे, जणू मी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेय. आणि मग एका दुपारी बाटलीच्या तळाशी पांढरं काहीतरी दिसलं. ताई, मी बाटली उजेडात धरून वेड्यासारखी बघत बसले.

ते थेंब थेंब मी एका लहान बाटलीत साठवायला लागले, फ्रीजमध्ये, मागच्या कोपऱ्यात. एक दिवस सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, कुणी गं ही बाटली तशीच ठेवलेली, तळाला दूध चिकटलेलं, मी लख्ख घासून टाकली. इतकं थोडं होतं ते, की बघणाऱ्याला न धुतलेली बाटली वाटावी. मी 'बरं केलंत' म्हणाले आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले. त्यांना नंतर कळलं तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला. आता त्या फ्रीजमधून लिंबू घ्यायचं तरी मला विचारतात.

त्यानंतर दूध हळूहळू वाढलं. फार नाही, पण आहे. आता अडलंय ते बाईसाहेबांपाशी. त्यांना संस्थेत बाटलीची सवय झालेली. डॉक्टरीणबाईंनी एक बारीक नळी दिलीय. तिचं एक टोक पावडरच्या दुधात आणि दुसरं माझ्या अंगाला चिकटवलेलं, म्हणजे तिनं ओढलं की दोन्ही मिळावं. पण ओढेल तेव्हा ना! जवळ घेतलं की ती मान फिरवते, काठीसारखी ताठ होते, लालबुंद होऊन किंचाळते. रडून दमली की बाटलीही अर्धीच पिऊन झोपते. पण ते अर्धं तरी कशी डोळे मिटून, समाधानानं पिते! मला त्या बाटलीचा हेवा वाटतो. बाटलीचा, ताई! कुणाला सांगायची तरी सोय आहे का?

गेल्या खेपेला तिचं वजन वाढलं नव्हतं. शनिवारी पुन्हा करायचंय. तेव्हाही वाढलं नाही तर हा नाद सोडा, सरळ बाटली द्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोरीची माया काही त्यानं कमी व्हायची नाही, असंही म्हणाल्या. पटतं गं मला. तिला उपाशी ठेवून मला कसली हौस मिरवायचीय? पण तिला पोटात वाढवलं दुसऱ्या कुणी, पहिले दिवस सांभाळलं तिसऱ्या कुणी. माझ्या अंगानं तिच्यासाठी एक तरी गोष्ट करावी, एवढीच हाव आहे. आणि भीती वाटते, की तिला कळतंय. ही ती नव्हे, हे तिला वासावरून कळतंय आणि म्हणून ती मान फिरवते.

विचारू कुणाला? आई नाही. सासूबाईंना दूध आलंच नव्हतं, तुझे मेहुणे बाटलीवरच पोसलेत. नर्स बाहुली घेऊन दाखवते, पण तिची बाहुली रडत नाही.

काल बाईसाहेबांसाठी मऊ कापड शोधताना पेटीच्या तळाशी तो पांढरा तुकडा सापडला. मी तुला छातीवर बांधायचा पट्टा शिवला होता ना, त्यातला उरलेला. दूध थांबत नव्हतं आणि प्यायला कुणी उरलं नव्हतं. मी पाठीमागे बसून आवळत होते आणि तू 'अजून घट्ट' म्हणत होतीस. त्यानंतर आपल्याकडे तुझ्यासमोर तो विषय कुणी काढला नाही. मलाही हे महिनोन्‌महिने तुला सांगायचा धीर झाला नाही. तुझं ते तसं आणि माझं हे असं, तुला काय वाटेल?

पण तो तुकडा हातात घेऊन बसले आणि त्याच्या आधीचं आठवलं. तुझी लेकही आधी अंगावर घेत नव्हती. अशीच मान फिरवायची. नर्सनं हात टेकले, तेव्हा तू आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर हाकललंस. थोड्या वेळानं मी दारातून डोकावले तर ती पीत होती, तिची मूठ तुझ्या गळ्यापाशी. ती गेली हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. ती पोटभर प्यायली होती, हे मी बघितलंय. आपल्यात मूल पाजलेली बाई एकच आहे, ती तू. शनिवारच्या आधी ये. रडू आलं तर रडू दोघी, बाईसाहेब तर रडताहेतच. तू तिला कसं धरलं होतंस, तेवढं मला दाखव.

तुझीच,
सदा तुझ्या मागे मागे फिरणारी शेपूट